आल्याच्या बिअरला तार सुटलीय आणि वर पांढरं जमलंय, टाकू का ठेवू?

गवती_चहा (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय कारण घरात सकाळपासनं "ते ओतून दे मोरीत" चाललंय आणि मला ते ओतायचं नाहीये. मी पहिल्यांदाच आल्याची बिअर लावलीय, म्हणजे जिंजर बिअर हो, दारू नव्हे, फसफसणारं सरबत. कपिलतीर्थ मार्केटातनं सातारी आलं आणलं, साल न काढता किसलं, बरणीत पाणी घालून रोज एक चमचा आलं आणि एक चमचा गूळ असं पाच दिवस घातलं. पाचव्या दिवशी बुडबुडे छान यायला लागले. मग 3 लिटर पाण्यात 300 ग्रॅम गूळ आणि थोडं आलं उकळून, रात्रभर गार करून त्यात हे विरजण एक कप गाळून घातलं आणि काचेच्या मोठ्या बरणीत तोंडाला फडकं बांधून ठेवलं.

आज चौथा दिवस. बरणीत काय दिसतंय ते सांगते. वर तपकिरी करडा फेस आलेला, तो काचेला कडेनं चिकटून वाळलाय, दिसायला घाण दिसतो. तळाला बोटभर पांढरट गाळ. फेसाच्या मधे एका ठिकाणी पांढरी साय धरलीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पळी बुडवून वर काढली तर तार सुटते, भेंडी चिरल्यावर सुटते ना अगदी तशी, पळीपासनं बरणीपर्यंत. वास वाईट नाहीये, आल्याचा आणि थोडा आंबिलीसारखा.

शेजारी दुसरी बरणी आहे, त्यात गुळाऐवजी साखर घातली होती. ती मात्र एकदम नितळ, काही घाण नाही. म्हणून सासूबाई म्हणतात ती चांगली आणि ही नासली. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

राजारामपुरी_9वी_गल्ली

ताई तार सुटली म्हंजे नासलं. आमच्याकडं उन्हाळ्यात वरणाला तार आली की सरळ टाकतात. जिवाशी खेळ नको, 30 रुपयांचा गूळ गेला तर गेला.

गुऱ्हाळवाला_करवीर

थांबा थांबा, टाकू नका. गाळ आणि फेसाचं मी सांगतो, तारेचं जाणकार सांगतील. काहिलीत रस तापला की वर मळी येते, ती आम्ही झाऱ्यानं काढतो, रानभेंडीचं पाणी घालतो ते त्याचसाठी, चिकट पाण्याला धरून घाण वर येते. कितीही काढली तरी गुळात थोडी राहतेच, चुन्याचा अंश राहतो. तुम्ही गूळ पाण्यात उकळला की ते सगळं परत मोकळं झालं. त्यातलं हलकं ते फेसाबरोबर वर आलं आणि जड ते तळाला बसलं. गूळ कसला घेतला, पिवळाधमक का काळपट?

गवती_चहा

काळपट घेतला दादा, ओळखीच्या गुऱ्हाळावरचा.

गुऱ्हाळवाला_करवीर

बेस केलं. पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉस घालतात, त्यातला गंधकाचा अंश जिवाणूंना मारक असतो. द्राक्षाच्या वाइनवाले रानटी यीस्ट दाबायला गंधकच वापरतात. तसल्या गुळावर विरजण रुसतं असं माझ्या बहिणीनं दोनदा बघितलंय.

फेसाळ_भाऊ

मी मूळ कोल्हापूरचाच, पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत 4 वर्षं टाकीवर काम केलंय, म्हणून बिअरच्या अंगानं सांगतो कारण फेस गाळ सगळं तेच असतं.

तुमचा तो घाण तपकिरी फेस म्हणजे यीस्ट जोरात कामाला लागल्याची खूण. बिअरमधे त्याला क्राउझेन म्हणतात, पहिल्या दोन तीन दिवसांत चढतो, त्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चोथा, प्रथिनं, यीस्ट सगळं अडकलेलं असतं म्हणून करडा हिरवट दिसतो आणि मग खाली बसतो आणि काचेवर कडं सोडून जातो. नवीन पोरगं टाकीचं झाकण उघडून पहिल्यांदा ते बघतं तेव्हा हमखास विचारतं की सर हे खराब झालं का. मीही विचारलं होतं.

गाळाचं पण तसंच. थोडं यीस्ट, थोडी गुळातली घाण, आणि आल्यात स्टार्च असतो तो. आल्याचा रस काढून भांडं अर्धा तास ठेवून बघा, तळाला पांढरा थर बसलेला दिसेल, घट्ट, खडूसारखा. त्यामुळं आल्याच्या बिअरला गाळ जास्तच.

आणि बुडबुडे थांबले म्हणून संपलं किंवा बुडबुडे येतात म्हणून चाललंय असं धरू नका. बिअरच्या भांड्याला एअरलॉक (आतला वायू सोडणारी पण बाहेरची हवा न घेणारी नळी) लावतात, लोक त्याच्याकडं बघत बसतात, पण झाकण कुठं फटीत गळत असेल तर एअरलॉक गप्प आणि आत काम जोरात चाललेलं. उलट गार खोलीतनं गरम खोलीत आणलं तर विरघळलेला वायू सुटून नुसतेच बुडबुडे. खरं एकच, साखर कमी होतेय का ते मोजणं. बिअरमधे हायड्रोमीटरनं (पाण्याच्या किती पट जड ते दाखवतो, साखर जास्त तितका आकडा जास्त) सुरुवातीला 1.050 आलं आणि शेवटी 1.010 वर दोन तीन दिवस हललं नाही तर झालं काम. ह्या दोन आकड्यांमधला फरक 131 नं गुणला की अल्कोहोलचा टक्का निघतो, वरच्या उदाहरणात सव्वापाच.

पण ताई तारेचं मला नीट माहीत नाही, आमच्याकडं टाकीत तार आली की बॅच सरळ गटारात जायची.

राजारामपुरी_9वी_गल्ली

मग मी तेच म्हणतोय की.

मायक्रो_मॅडम

मी तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. तार या विषयावर मला बोलायलाच हवं, कारण तार एक नसते.

वरणाला उन्हाळ्यात तार येते ते वरण आंबट नसतं, त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि तिथं वाढणारे जिवाणू वेगळे. तिथं टाकून देणं हाच शहाणपणा, राजारामपुरीकरांचं त्यात काही चुकलेलं नाही. पण इथं साखरेचं, आंबट होत चाललेलं पाणी आहे आणि त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आलाय असा माझा अंदाज आहे. तो भाजीपाल्यावर, मुळांवर सगळीकडं असतो. तुम्ही आलं सालासकट किसलं म्हणजे तो आलाच, आणि यायलाच हवा होता कारण यीस्ट पण त्या सालीवरनंच आलं. इडलीचं पीठ फुगतं त्यात ह्याच जिवाणूचा मोठा हात असतो, म्हणजे आपण तो आयुष्यभर खातोय.

त्याची एक खोड आहे. त्याला ऊसाची साखर, म्हणजे सुक्रोज, मिळाली की तिच्यातलं ग्लुकोज तो एकापुढं एक जोडून लांब साखळी करतो, तिला डेक्स्ट्रान म्हणतात. ती साखळी म्हणजे तुमची तार. गूळ म्हणजे बहुतांशी सुक्रोजच. शिवाय ल्युकोनोस्टॉक सुरुवातीचा गडी आहे, आंबटपणा वाढला की तो मागं पडतो आणि दुसरे पुढं येतात. चौथ्या दिवशी तार दिसणं त्या हिशोबात बसतं.

आता मला तीन गोष्टी सांगा. पांढरी साय चपटी आहे का वर उठलेली? तिला केस आहेत का, म्हणजे कापसासारखी लव? रंग पांढरा किंवा सायीसारखाच आहे का कुठं हिरवा, काळा, गुलाबी? बॅटरी मारून कडेनं बघा, वरनं बघून कळत नाही. दुसरी बरणी पण बघा.

पाककृती_वेडी

मॅडम एक शंका, घरी आंबवलेल्यात विषारी दारू तयार होते का? 2015 ला मुंबईत मालवणीत शंभरावर माणसं गेली होती तेव्हापासनं मला ह्या सगळ्याची भीती बसलीय.

मायक्रो_मॅडम

तिथं मिथेनॉल होतं. ते रसायन म्हणून कारखान्यातनं येतं आणि दारूत मिसळलं जातं, तिथं माणसं मरतात. साखर आणि गूळ आंबवून मिथेनॉल नावालाच होतं, ते मुख्यतः फळांच्या पेक्टिनपासनं निघतं. आणि इथं ऊर्ध्वपातन नाही, म्हणजे काही गोळा करून दाट केलं जात नाही. ती भीती इथं नको.

गवती_चहा

मॅडम बॅटरी मारून बघितलं. गुळाच्या बरणीतली साय चपटी, पांढरी, सुरकुत्या पडल्यासारखी, गार झालेल्या दुधावर असते तशी, केस अजिबात नाहीत. चमच्यानं हलवली तर तुटून तुकडे झाले.

पण साखरेच्या बरणीत आल्याचे दोन काप वर तरंगतायत आणि त्यातल्या एकाच्या कडेला हिरवट ठिपका दिसतोय, नखाएवढा, आणि त्याला लव आहे. मी फोटो काढायला फोन आणला आणि हातच थरथरायला लागला. चार दिवस मी ह्याच बरणीला चांगली म्हणत होते.

मायक्रो_मॅडम

ती बरणी ओता. ठिपका काढून बाकीचं ठेवू नका, बुरशीचं वर दिसतं ते फक्त फळ, तिचे धागे आणि जे काही ती सोडते ते खाली पाण्यात असतं. बरणी साबणानं धुवून उकळत्या पाण्यानं विसळा. फडकं टाकून द्या.

साय चपटी आणि विनालवीची आहे ती रानटी यीस्टची, कांजीवर, लोणच्याच्या खाऱ्या पाण्यावर पण येते. अपाय नाही, पण चव बिघडवते, गाळून काढा.

एक सांगा, साखरेच्या पाण्यात विरजण घातलं तेव्हा ते पुरतं गार होतं का?

गवती_चहा

खरं सांगू, नव्हतं. गुळाचं रात्रभर ठेवलं होतं, साखरेचं दुसऱ्या दिवशी दुपारी केलं आणि पाहुणे येणार होते म्हणून कोमट असतानाच ओतलं. कोमट पण नव्हे, बोट बुडवलं तर पटकन बाहेर काढावं इतकं होतं.

लॅब_केमिस्ट

मग सगळा उलगडा झाला. मी इथल्याच एका साखर कारखान्याच्या लॅबमधे आहे, आधी डिस्टिलरीत होतो, त्यामुळं हे रोजचं आहे.

बोट टिकत नाही म्हणजे पन्नासच्या आसपास तापमान. आमच्या डिस्टिलरीत मळी आंबवतात (गुऱ्हाळवाले दादा, तुमची मळी वेगळी आमची वेगळी, आमची म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक) तिथं टाकीचं तापमान 30 ते 35 राखायला दिवसरात्र गार पाणी फिरवतात, 40 च्या वर गेलं की यीस्ट लंगडं पडतं आणि 50 ला मरतं. तुमचं विरजण त्या बरणीत पडल्या पडल्या मेलं. मग तिथं आंबट करणारं कुणी उरलंच नाही. गोड, आल्याचं, आंबट नसलेलं पाणी चार दिवस एप्रिलच्या उकाड्यात पडून होतं. म्हणून ती नितळ दिसत होती ताई, तिथं काही घडतच नव्हतं. बुरशीला असली रिकामी जागाच लागते.

तारेबद्दल मॅडमनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. ऊस तोडून दोन तीन दिवस गाडीतच उन्हात पडला, कारखान्याला उशीर झाला, की रसात हाच ल्युकोनोस्टॉक आणि हेच डेक्स्ट्रान. रस चिकट होतो, गाळणीतनं जात नाही, पाक उकळताना साखरेचे खडे लांबट सुईसारखे होतात. आमच्या लॅबमधे शिळा ऊस ओळखायची ती एक खूण आहे. शेतकऱ्याचं वजन पण घटतं आणि उतारा पण पडतो, म्हणून तोडणी झाली की ऊस लगेच गाळायला हवा ह्यासाठी आम्ही दरवर्षी भांडतो. ह्या जिवाणूनं आमचं फार नुकसान केलंय, पण विष म्हणून मी त्याला कधी धरलं नाही.

आता मोजू. तुमच्याकडं सुरुवातीचं रीडिंग नाही पण हिशोबानं काढता येतं. 3 लिटरमधे 300 ग्रॅम गूळ, गुळातलं पाणी वजा केलं तर साधारण साडेआठ ब्रिक्स, म्हणजे 100 ग्रॅम पाकात साडेआठ ग्रॅम विरघळलेलं. मी उद्या रंकाळ्याकडं येतोय, लॅबचा जुना ब्रिक्स हायड्रोमीटर माझ्या घरी आहे तो घेऊन येतो. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातनं प्रकाश किती वाकतो त्यावरनं साखर दाखवणारं यंत्र) आणत नाही, तो ताज्या रसाला ठीक, आंबलेल्यात अल्कोहोल आलं की तो जास्त आकडा दाखवतो आणि माणूस फसतो. पीएचच्या, म्हणजे आंबटपणा मोजायच्या पट्ट्या पण आणतो, आकडा जितका कमी तितकं आंबट.

तोपर्यंत एकच हात जोडून सांगणं, हे काचेच्या बाटलीत भरून बूच लावू नका. बाकी सगळं दिसायला घाण आहे, धोका तिथं आहे.

फेसाळ_भाऊ

केमिस्ट साहेब बरं झालं बोललात. माझ्या मित्राच्या स्वयंपाकघरात दुपारी तीन वाजता बाटली फुटली, काच फ्रिजच्या दारात घुसली होती, नशीब पोरं शाळेत. बाटली स्वच्छ दिसत होती, चव मस्त होती, फक्त साखर संपायच्या आधी भरली होती.

गवती_चहा

दोन दिवसांनी लिहितेय. साहेब आले होते, सासूबाईंनी त्यांना चहा करून दिला आणि सगळं समोर बसून बघितलं.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची लांब कांडी, खाली वजन, ती नळकांड्यातल्या पाण्यात सोडली की तरंगते आणि जिथं पाणी लागतं तो आकडा वाचायचा. आधी एका पेल्यात ओतून चमच्यानं ढवळून वायू काढला, नाहीतर बुडबुडे कांडीला चिकटून ती वर उचलतात असं त्यांनी सांगितलं. पहिल्या संध्याकाळी 6.2 आलं. दुसऱ्या संध्याकाळी 5.4. म्हणजे चालू आहे. पट्टीवर रंग साडेतीनच्या आसपास जुळला. मॅडम, 4 च्या खाली आलं म्हणजे ठीक ना? साहेब म्हणाले की हा पीएचचा आकडा पहिल्यांदा एका बिअर कंपनीच्याच लॅबमधे, कोपनहेगनला कार्ल्सबर्गमधे, 1909 ला सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं काढला, मला ते ऐकून फार बरं वाटलं.

तार कमी झालीय. अजून आहे, पण पळीपासनं बरणीपर्यंत जात नाही, मधेच तुटते.

मायक्रो_मॅडम

साडेतीन म्हणजे उत्तम. अन्नातले बरेचसे घातक जिवाणू, बोटुलिझम नावाची विषबाधा करणारा पण, 4.6 च्या खाली वाढू शकत नाहीत. तार पुढच्या वेळी नको असेल तर विरजणाला गुळाऐवजी मध घाला, मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं असतं, डेक्स्ट्रान करायला त्याला सुक्रोजच लागतं. मोठ्या बरणीत मग खुशाल गूळ वापरा, तोवर यीस्ट बळकट झालेलं असतं. आणि आल्याचे काप कधीही वर तरंगत ठेवू नका, गाळून घाला किंवा रोज दोनदा ढवळा.

लॅब_केमिस्ट

दोन हिशोब देतो, ते लक्षात असू द्या. साडेआठवरनं 5.4 म्हणजे अल्कोहोल दीड टक्क्याच्या आसपास झालंय. बिअरपेक्षा कमी, पण सरबत म्हणून लहान पोरांना द्यायचं नाही, घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही नाही. असंच ठेवलं तर वाढत जाईल, आणि आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे. तेव्हा आता फ्रिजमधे टाका. पुढच्या वेळी एक दिवसातच थांबवा, आपल्या उकाड्यात तेवढं पुरतं.

दुसरा. 5.4 म्हणजे लिटरला अजून 50 ग्रॅमच्या वर ऐवज शिल्लक. 4 ग्रॅम साखर आंबली की लिटरभर पाण्यात जवळपास लिटरभर वायू होतो. म्हणजे सगळी आंबली तर बाटलीत पाण्याच्या बारा तेरा पट वायू. साध्या बिअरमधे अडीच पट असतो, शॅम्पेनमधे सहा, आणि तिची बाटली बघा केवढी जाड असते.

गवती_चहा

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या धुवून त्यात भरलं, चार बोटं जागा सोडून. दर तासाला दाबून बघत होते. पहिल्या तासाला बाटली मऊ, पाचव्या तासाला सोड्याच्या नव्या बाटलीइतकी टणक, लगेच फ्रिजमधे. आज सकाळी उघडली, हळू हळू झाकण फिरवून, सूं करत वायू गेला. चव आल्याची झणझणीत, मागनं काळ्या गुळाची, किंचित बुळबुळीत आहे पण घशाला लागत नाही. सासूबाईंनी अर्धा पेला घेतला आणि विचारलं, "ह्यात लिंबू पिळलं तर?"

राजारामपुरी_9वी_गल्ली

ताई मी पहिल्यांदा टाका म्हणालो ते काळजीपोटी. विरजण उरलं असेल तर एक कप मिळेल का, रविवारी कपिलतीर्थला येतोय, बरणी मी आणतो.

गवती_चहा

या की दादा. झाकण सैल लावून न्या, गाडीवर उन्हात घट्ट बंद ठेवू नका.